रोगाची साथ आणि भयाची साथ

साथीच्या रोगाचा इतिहास बहुधा वैद्यकाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. जंतू केव्हा सापडला, लस केव्हा निघाली, औषध कोणी शोधले, यांच्या नोंदी त्यात असतात. परंतु प्रत्येक रोगाच्या साथीबरोबर आणखी एक साथ येत असते, ती भयाची. ती कशी पसरली, तिने कोणाचे बळी घेतले आणि ती कशाने ओसरली, हे क्वचितच सांगितले जाते. एड्स या रोगाचा आपल्या देशातील गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

या दुसऱ्या साथीचा अनुभव महाराष्ट्राने पूर्वी एकदा घेतला होता. १८९६ साली मुंबईत प्लेग आला व लवकरच पुण्यात पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला आणि रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सोल्जरांकडून घरोघर झडत्या घ्यावयास आरंभ केला. रोगी सापडला की त्याला इस्पितळात न्यावयाचे व घरच्या माणसांना छावणीत ठेवावयाचे, असा क्रम होता. साथ आटोक्यात आणावी हाच त्यामागील हेतू, हे मान्य केले पाहिजे. पण लोक रोगी दडवू लागले, प्रसंगी प्रेतेही दडवू लागले. उंदरांच्या अंगावरील पिसवा प्लेग पसरवितात, हे पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये मांडले. म्हणजे झडती माणसांची चालली होती आणि रोगाची वाट निराळीच होती. त्याच साथीत रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगाला बळी पडल्या. बळजबरी आणि सेवा, हे साथीला तोंड देण्याचे दोन्ही मार्ग पुण्याने एकाच वर्षी पाहिले.

आता एड्सकडे वळू. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेतील एका सरकारी आरोग्यपत्रिकेत लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांना झालेल्या असाधारण न्यूमोनियाची हकीकत छापून आली. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनुसी व ल्यूक माँतान्ये यांना या रोगाचा विषाणू सापडला. त्यालाच पुढे एचआयव्ही हे नाव मिळाले. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशींवरच तो घाला घालतो. मग काही वर्षांनी क्षयासारखे रोग अशा दुबळ्या शरीराचा सहज ताबा घेतात. या अवस्थेस एड्स म्हणतात. विषाणूच्या प्रसाराचे मार्ग मोजके आहेत: लैंगिक संबंध, दूषित रक्त, दूषित सुई आणि मातेकडून अर्भकाला होणारी बाधा. एका ताटात जेवल्याने, हात हातात घेतल्याने किंवा शेजारी राहिल्याने तो पसरत नाही.

हा रोग परदेशांतील स्वैराचाराचा, तो आपल्याकडे यावयाचा नाही, अशी समजूत आपल्या देशात होती. १९८६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजातील डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी ती मोडून काढली. सुनीतीबाई मद्रासेत स्थायिक झालेल्या गायतोंडे या मराठी घराण्यातील. निर्मला यांनी वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा करून ते वेल्लोरला तपासले, तेव्हा त्यांपैकी काहींत या विषाणूची खूण आढळली.

यानंतर जे गोव्यात घडले, ते १८९७ ची आठवण करून देणारे होते. एचआयव्हीबाधित व्यक्तीस अलग ठेवण्याची तरतूद गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात करण्यात आली होती. डॉमनिक डिसोझा हा तरुण नियमाने रक्तदान करीत असे. त्या रक्ताच्या तपासणीत विषाणू आढळला. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले आणि म्हापशाच्या एका जुन्या क्षयरोगी आरोग्यधामात पहाऱ्यात ठेवले. काय झाले आहे, हे त्याला कोणी नीट सांगितलेही नाही. ६४ दिवसांनी तो घरी परतला, पण नोकरी त्याला सोडावी लागली. त्याची आई लूसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. व्यक्तीच्या हक्काहून समाजाचे हित मोठे, अशा विचाराने न्यायालयाने ती तरतूद उचलून धरली. न्यायालयाची चिंता खोटी होती असे नाही. त्या काळी या रोगावर गुण देणारा उपचार जवळपास नव्हता. तथापि ज्या रोगाला स्पर्शाने पसरताच येत नाही, त्याला कुलूप लावून काय साधणार? साधले एवढेच की, रक्त तपासून घेतले तर कोठडी वाट्यास येते, हा धडा लोकांनी घेतला. डॉमनिकने १९९२ मध्ये बाधितांसाठी संस्था उभारली आणि त्याच वर्षी तो वारला.

त्याच उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मात्र निराळा निर्णय दिला. एका सार्वजनिक महामंडळाने एका रोजंदारी कामगाराला केवळ एचआयव्हीमुळे काम नाकारले होते. काम करावयास तो समर्थ आहे आणि इतरांना त्याच्यापासून धोका नाही, तर निव्वळ बाधेच्या कारणाने त्याला काम नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. शिवाय त्याचे नाव गुप्त ठेवून दावा चालवू दिला. आठ वर्षांत झालेला हा पालट लहान नव्हे.

तो आपोआप झाला नाही. सांगलीत १९९२ पासून संग्राम या संस्थेच्या कामात वेश्याव्यवसायातील स्त्रियाच आपल्या सोबतिणींना रोगाची माहिती देऊ लागल्या, निरोध पोहोचवू लागल्या. ज्यांना समाज रोगाचे घर समजत होता, त्याच रोग थोपविणाऱ्या कार्यकर्त्या झाल्या. रक्त विकण्याचा धंदा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून बंद झाला. १९९६ च्या सुमारास अनेक औषधांचा एकत्र उपचार निघाला खरा, पण त्याचा वार्षिक खर्च दहा हजार डॉलरांच्या वर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने ती औषधे वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवर पेटंट दिलेच नव्हते, म्हणून हे शक्य झाले. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत उपचार सुरू केला, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्याच्या पहिल्या केंद्रांपैकी एक होते. औषध मिळू लागले तेव्हा तपासणीस जाण्याला अर्थ आला. नियमित औषधाने रक्तातील विषाणू इतका दबून राहतो की, लैंगिक संबंधातूनही तो दुसऱ्याला लागत नाही, हेही आता सिद्ध झाले आहे. म्हणजे रोग्याला जवळ करणे हाच समाजाच्या रक्षणाचा उपाय ठरला.

१० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या कायद्याने संमतीवाचून तपासणी, गुप्ततेचा भंग आणि नोकरी, शिक्षण व निवारा यांतील भेदभाव यांना मनाई केली आहे. २०१० ते २०२३ या काळात देशातील नव्या बाधेचे प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांनी उतरले. तरीही २०२३ च्या सरकारी अंदाजानुसार सुमारे २५ लाख भारतीय या विषाणूसह जगत होते आणि संख्येने महाराष्ट्र सर्वांत पुढे होता.

एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. कायदा कचेरीत आणि इस्पितळात पोहोचतो, माजघरात पोहोचत नाही. नवऱ्याकडून रोग घेऊन विधवा झालेल्या सुनेला त्याच्या मृत्यूचा दोष देऊन बाहेर काढणारे घर, भाडेकरूच्या औषधाची बाटली पाहून खोली रिकामी करावयास सांगणारा मालक, हे कोणत्याही सरकारी आकड्यात येत नाहीत. आणि गोळ्या लपवून घ्याव्या लागल्या की त्या चुकतात. चुकल्या की दबलेला विषाणू पुन्हा उसळतो. रोगावर औषध सापडले, ते सरकारी केंद्रात फुकट मिळते. भयावरचे औषध मात्र तुम्हाआम्हा शहरवासीयांच्या हाती आहे, आणि ते देण्याचे काम अद्याप पुरे झालेले नाही.