घराण्याचा शोध : एकट्याने की मिळून?



वर्धापनदिनी आपण विहाराचा इतिहास आवर्जून सांगतो. वर्गणी कशी जमली, विटा कुणी वाहिल्या, हे जुन्या मंडळींना तोंडपाठ असतं. पण ती माणसं कुठल्या गावची, त्यांचे आजे-पणजे कोण, असं विचारलं की तिसऱ्या पिढीपाशी गाडी अडते. आता काही तरुण मुलं-मुली हा शोध घेऊ लागली आहेत. त्यांचा पहिला प्रश्न असा, की हे काम आपलं आपण करावं, की चार घरांना बरोबर घ्यावं?

एकट्याने करावं, असं म्हणणाऱ्यांचं चुकत नाही. घरातल्या गोष्टी नाजूक असतात. कुणी कर्जापायी गाव सोडलेलं असतं, कुणाच्या घरातली मुलगी देवाला सोडलेली असते. आजी हे नातीच्या कानात सांगेल, चारचौघांत सांगणार नाही. शिवाय एकट्याचं काम कुणासाठी खोळंबत नाही. चां. भ. खैरमोडे यांनी आयुष्यभर कागद जमवून परमपूज्य बाबासाहेबांचं चरित्र लिहिलं. त्याचा पहिला खंड १९५२ साली निघाला. पण १९७१ साली खैरमोडे गेले आणि पुढचे खंड त्यांच्या माघारी इतरांच्या हातून प्रसिद्ध झाले. म्हणजे एवढ्या जिद्दीच्या माणसाच्या कामालाही शेवटी दुसऱ्यांचे हात लागलेच.

आपल्या समाजाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. आपले जुने कागद मुळातच सामाईक आहेत. महार वतन हे एका माणसाचं नव्हतं. हाडोळ्याची जमीन भावकीत आणि गावकीची कामं पाळीने. ज्या वतनाला १८७४ च्या कायद्याने बांधून ठेवलं आणि ज्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात बिल आणलं, ते १९५८ च्या कायद्याने संपलं. पण कागद राहिले. त्यात आपला पणजोबा सुटा सापडत नाही, भावकीच्या नावांच्या रांगेत सापडतो. त्या रांगेतला आपला कोणता, हे भावकीतल्या दुसऱ्या घरची आठवण ताडून पाहिल्याशिवाय कसं कळणार?

नावांचंही तसंच. जुनी नावं ‘नाक’ जोडून लिहिलेली असतात. १८१८ च्या लढाईच्या कोरेगाव स्तंभावर अशी नावं कोरलेली आहेत. नाव जुळलं म्हणून तो आपलाच पूर्वज, असं कुणी एकट्याने ठरवून टाकू नये. आडनावाचाही भरवसा नाही. खुद्द बाबासाहेबांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव लागलं ते आंबेडकर. नुसतं आडनाव धरून शोधणारा वाटेतच हरवेल.

आज बरीच घरं वंशावळ काढतात ती जातपडताळणीसाठी. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा हवा, म्हणून शाळेचं जनरल रजिस्टर, कोतवाल बुक, जन्म-मृत्यूची नोंद यांसाठी धावाधाव होते. ती केलीच पाहिजे, मुलांचं शिक्षण त्यावर अवलंबून आहे. पण त्या वंशावळीत बापाकडचे पुरुष तेवढे येतात. आई, आजी, त्यांची माहेरं कुठे आहेत? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी मिळून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठलं, त्यांच्याशी बोलल्या आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक उभं राहिलं. सरकारी कागदाला जे दिसलं नाही, ते माणसांना विचारल्यावर मिळालं.

म्हणून आम्हाला वाटतं, घरची वही घरी असावी आणि गावची वही विहारात. घरच्या वहीत काय लिहायचं, कुणाला दाखवायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. तिथे दुसऱ्याने डोकावू नये. विहाराच्या वहीत मात्र गाव, तालुका, भावकी, बायकांची माहेरं, मुंबईला कधी आले, १९५६ साली धम्मदीक्षा कुठे घेतली, एवढंच असावं. प्रत्येक नोंदीखाली कुणी सांगितलं आणि कधी, हे लिहावं. ज्याची गोष्ट आहे त्याला विचारल्याशिवाय काही चढवू नये. मोडी वाचणारा एक जण तयार झाला, तरी दहा घरांचे कागद वाचून होतील. एका तालुक्याची घरं मिळून एकच माणूस तहसील कचेरीत पाठवतील, तर प्रत्येकाचा खाडा आणि गाडीभाडं वाचेल.

मात्र हे पुढच्या वर्षावर ढकलू नका. १९५६ साली वीस वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदीच्या घरात आहे. कागद कचेरीत थांबतील, माणसं थांबणार नाहीत. येत्या रविवारी वंदनेनंतर आपल्या घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाशेजारी जरा वेळ बसा, आणि पहिला प्रश्न त्यांच्या आईचं माहेर कोणतं, हा विचारा.

जयभीम!