मिरजेच्या हिराबाई आणि तीन मिनिटांची तबकडी



सातारा-सांगलीकडं बाईचं गाणं नवं नाही. जात्यावरची ओवी, हादग्याची गाणी आपण लहानपणापासून ऐकतो. पण शंभर वर्षांपूर्वी बाई लोकांसमोर गायली, की गाव तिला नावं ठेवायचं. हे चित्र बदलणाऱ्यांमध्ये आपल्या मिरजेत 1905 साली जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर पुढं होत्या.

त्यांचे वडील किराणा घराण्याचे मोठे गवई अब्दुल करीम खाँ आणि आई ताराबाई माने. पुढं ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. हिराबाई भाऊ सुरेशबाबू आणि अब्दुल वहीद खाँ यांच्याकडं शिकल्या.

त्या काळी गाणाऱ्या बाया बहुतेक श्रीमंतांच्या खासगी बैठकीत गायच्या. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. कुणा एका धनिकाची मर्जी सांभाळायची नाही, गाणं ऐकायला आलेल्यांनी पैसे मोजायचे. बाईच्या कष्टाला उघड आणि मानाचा मोबदला मिळू लागला. भावंडांसोबत त्यांनी नाटकांतही कामं केली. बायकांच्या भूमिका पुरुष करायचे, तो हा काळ.

त्यांचं गाणं कसं होतं? आवाज गोड आणि सुरेल. ओरडणं नाही, घाई नाही. एकेक सूर नीट लावत राग हळूहळू उलगडायचा, ही किराण्याची रीत. पण ग्रामोफोनच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. मैफलीत तासभर रंगणारा राग तेवढ्यात बसवायचा! हिराबाईंनी ते साधलं. ख्याल, नाट्यपदं, भजनं, भावगीतं तबकड्यांवर आली. ज्या बायकांना मैफलीला जाता येत नव्हतं, त्यांच्या कानावर हे गाणं घरबसल्या पडलं.

1970 साली सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं. 1989 साली त्या गेल्या, पण तबकड्यांमुळं तो आवाज आजही ऐकता येतो.

आम्हाला वाटतं, आपल्याही गावात असे आवाज आहेत. म्हाताऱ्या आयांच्या ओव्या कुणी तबकडीवर घेतल्या नाहीत. आता प्रत्येक गटात एक तरी मोबाइल आहे. पुढच्या बैठकीत हप्ता जमा झाला, की एका आजीला विचारून तिची ओवी भरून घेऊया. तिचं नाव, गाव आणि तारीखही तिच्याच तोंडून बोलवून घेऊया.