धोटा घेऊन आलेले सोलापूरकर

माउलींनो, वारीला निघताना आपण धोतर, उपरणे, लुगडे नेसून निघतो. पण ते विणणारे हात कुणाचे, हे फारसे कुणी विचारत नाही. सोलापूरकराला तरी ते ठाऊक असावे.

एकोणिसाव्या शतकात निजामाच्या मुलखातून, तेलंगणातून, पद्मशाली विणकरांची कुटुंबे पोटासाठी सोलापूरला आली. इथली पेठ मोठी, त्यात १८६० मध्ये आगगाडी आलेली. या मंडळींची बोली तेलुगू, कुलपुरुष मार्कंडेय ऋषी आणि भांडवल म्हणाल तर हातातली कला. घरातच खड्डा करायचा, त्यात पाय सोडून मागावर बसायचे. गडी धोटा फेकी, बायकापोरे कांड्या भरत. सूत बहुधा उधारीचे.

ही लुगडी घेणार कोण? तर आपल्याच खेड्यांतल्या आयाबाया. ज्वारी घरात आली की कापड खपायचे. विणकराकडे गुंठाभर रान नव्हते, तरी हस्ताच्या पावसाकडे त्याचेही डोळे लागलेले असत.

१८७६ साली पाऊस गेला. जिथे दाणा मिळेना, तिथे लुगडे कोण घेणार? कुणब्याची चूल विझली, मागोमाग विणकराचा माग थांबला. दुष्काळी कामावर खडी फोडायला जावे, तर बोटे फुटतात, आणि फुटल्या बोटांना बारीक सूत धरवत नाही. पोट राखावे तर कसब जाते, कसब राखावे तर पोट उपाशी. म्हणूनच पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात विणकरांना मागावरच काम मिळावे, म्हणून लोकमान्य टिळकांनीही खटपट केली.

तरी ही माणसे सोलापुरात टिकली. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीत कामाची वाट निघाली, पण घरचा मागही कित्येकांनी सोडला नाही. पुढे सोलापुरी चादरीचे नाव दूरवर गेले, त्यात या घरांचा मोठा वाटा आहे. आजही पूर्व भागात तेलुगू कानावर पडते, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो.

आपल्या संप्रदायात सावतोबा माळी, नामदेवराय शिंपी, गोरोबाकाका कुंभार. काशीच्या कबीरांनाही आपण मानतो, आणि ते तर विणकरच. ज्याचा धंदा आपल्या पिकावर जगतो आणि ज्याच्या विणीने आपले अंग झाकते, त्याला परका कसे म्हणायचे? विठुरायाच्या दारात बोली विचारत नाहीत. गावच्या वेशीवरही विचारू नये.

राम कृष्ण हरी.