ते म्हणतात उशीर, आम्ही म्हणतो हक्क

"विकासाला उशीर का करता?" प्रकल्पाला विरोध केला की हा प्रश्न हमखास अंगावर येतो. आपली शिकलेली पोरेही त्यापुढे गप्प होतात. आम्ही अभ्यासवर्गात याचे उत्तर अमेरिकेतल्या कोलंबिया नदीच्या इतिहासातून देतो.

नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की द्रव होतो आणि त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी कमी होते. तो जहाजातून येतो, टर्मिनलवर उतरतो, पुन्हा वायू होऊन पाइपलाइनने पुढे जातो. देशात वायू कमी पडणार असे गृहीत धरून कंपन्यांनी ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांच्या सीमेवर, कोलंबियाच्या मुखाकडच्या पट्ट्यात अशी टर्मिनले आखली. ब्रॅडवुड लँडिंग आणि वॉरेंटनचे 'ओरेगॉन एलएनजी' हे त्यातले दोन मोठे प्रस्ताव. २००५ च्या ऊर्जा कायद्याने टर्मिनल कुठे उभे राहायचे हे ठरवण्याचा अधिकार केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाकडे गेला. थोडक्यात, नदी गावाची आणि निर्णय राजधानीचा.

विरोधात उभे राहिले ते मच्छीमार, पाइपलाइनखाली जमीन जाणारे शेतकरी, नदीकाठचे रहिवासी आणि मूलनिवासी जमाती. सगळ्यांचे राजकारण एक नव्हते, पण नदी एक होती. त्यांनी घोषणा दिल्या, तसेच कायद्याचे जाडजूड कागदही वाचले. त्यात सापडले की जलशुद्धता आणि किनारा संरक्षणाच्या कायद्यांखालचे राज्यांचे अधिकार अजून शाबूत आहेत. जमीन वापराचे स्थानिक नियमही हाताशी होते. सप्टेंबर २००८ मध्ये क्लॅटसॉप काउंटीच्या मतदारांनी ब्रॅडवुडच्या पाइपलाइनसाठी केलेला नियमबदल मोठ्या बहुमताने फेटाळला. त्याच महिन्यात केंद्रीय आयोगाने ब्रॅडवुडला मंजुरी दिली! तरी काम सुरू झाले नाही, कारण राज्याच्या परवानग्या बाकी होत्या.

पण ही कथा 'पर्यावरणवाद्यांचा विजय' म्हणून सांगितली की तिच्यातला जुना धागा गळतो. १८५५ च्या करारांत इथल्या जमातींनी अफाट जमीन सोडली, पण परंपरेने मासेमारी चालणाऱ्या ठिकाणी मासे धरण्याचा हक्क राखला. गोऱ्या जमीनदारांनी वाट अडवली. १९०५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनान्स खटल्यात सांगितले की हा हक्क सरकारने जमातींना दिलेला नाही, तो त्यांनी स्वतःकडे ठेवलेला आहे. तरीही १९५७ मध्ये द डॅलेस धरणाने सेलिलो धबधबा, त्यांचे हजारो वर्षांचे मासेमारीचे ठिकाण, काही तासांत बुडवले. त्यानंतरही ते न्यायालयात गेले आणि १९६९ मध्ये सॅमन माशांतला न्याय्य वाटा मान्य करून घेतला. टर्मिनलसाठी नदीचा तळ खोदला जाणार, मोठ्या जहाजांभोवती मासेमारीला बंदी येणार, म्हणून जमातींच्या मत्स्य आयोगाने हरकत घेतली तेव्हा तिच्यामागे दीडशे वर्षांचा हा कागद होता.

आपल्याला हे परके नाही. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले ठराव १९२३ चा. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले १९२७ मध्ये. उच्च न्यायालयाचा निकाल आला १९३७ मध्ये. कागदावरचा हक्क वापरला तरच जगतो.

२०१० मध्ये ब्रॅडवुडची कंपनी दिवाळखोरीत गेली. 'ओरेगॉन एलएनजी'ने आयातीऐवजी निर्यातीचा बेत केला आणि २०१६ मध्ये तोही सोडला. यावर काही जण म्हणतील, "हे आंदोलनाने नाही, बाजाराने केले." शेल वायूमुळे आयातीचे गणित कोसळले, हे खरेच आहे. पण ते कोसळेपर्यंत टर्मिनल उभे राहिले नव्हते, ते कोणामुळे? लोकांनी मिळवलेल्या वेळेने नदी वाचवली.

वेळ मिळाला नाही तर काय होते ते कोकणात दिसले. वाशिष्ठीच्या मुखाशी एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाला गावांनी विरोध केला. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलिसांनी वेलदूरच्या कोळी वस्तीत घरात घुसून बायकांना मारहाण केली आणि अटक केली, अशी नोंद मानवी हक्क संघटनांच्या अहवालांत आहे. न्यायालयातल्या याचिका टिकल्या नाहीत, प्रकल्प उभा राहिला. त्याची वीज राज्य वीज मंडळाला परवडली नाही, २००१ मध्ये तो बंद पडला आणि त्याच वर्षी एन्रॉन दिवाळखोर झाली. ओझे शेवटी सरकारी कंपन्यांनी, म्हणजे जनतेच्या पैशाने उचलले. गावांचे म्हणणे ऐकायला उशीर लागला असता, तर नुकसान कोणाचे झाले असते?

म्हणून मित्रहो, कोणी 'उशीर' म्हटले की खाली बघू नका. पर्यावरण परिणामाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीची किमान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते. त्या तीस दिवसांत प्रकल्पाचा अहवाल मागवा, वस्तीत मोठ्याने वाचा, हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' यात शिकणे पहिले आहे. तो कागद वाचणे हेही शिकणेच आहे.

जय भीम! जय संविधान!