एकशे आठचे गणित : ‘लॉस्ट’ आणि तिचे भाष्यकार

‘लॉस्ट’ ही मालिका अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर २२ सप्टेंबर २००४ रोजी सुरू झाली आणि २३ मे २०१० रोजी संपली. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेले विमान एका अज्ञात बेटावर कोसळते. वाचलेल्यांना तिथे काळ्या धुराचा राक्षस भेटतो, एकाला आपला मृत बाप झाडीत उभा दिसतो. या रहस्यांपेक्षा त्यांविषयी प्रेक्षकांनी मांडलेल्या उपपत्तींचा इतिहास आम्हांस अधिक उद्बोधक वाटतो. आजचा माणूस धार्मिक प्रतीक कसे वाचतो, हे त्यातून कळते.

सर्वांत आधी रुजलेली उपपत्ती ‘पर्गेटरी’ची. स्वर्गास पात्र असलेला, परंतु पुरता शुद्ध न झालेला आत्मा जिथे तावूनसुलाखून निघतो, ती कॅथलिक परंपरेतील मधली अवस्था. स्वतंत्र ‘स्थान’ म्हणून ही कल्पना बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थिरावली, असे प्रतिपादन फ्रेंच इतिहासकार जाक ल गॉफ यांनी १९८१ मध्ये केले. प्रेक्षकांचा तर्क असा, की विमानातील सारे मेलेलेच आहेत आणि बेटावर आपापल्या पापांचा हिशेब चुकवीत आहेत. पुरावेही हाताशी होते. नायक जॅकच्या बापाची शवपेटी रिकामी सापडते आणि त्या बापाचे नाव ख्रिश्चन शेपर्ड, म्हणजे उच्चारानुसार ‘ख्रिस्ती मेंढपाळ’. लेखकांनी ही उपपत्ती जाहीरपणे नाकारली, तरी ती मावळली नाही.

ही वाचनपद्धती नवी नव्हे. मत्स्याच्या पोटात तीन दिवस राहिलेला योना म्हणजे येशूच्या दफनाची पूर्वछाया, असे जुन्या करारातील प्रसंग ख्रिस्ती धर्मपंडितांनी शतकानुशतके वाचले. भेद एवढाच, की त्या पंडितांना उत्तर आधीच ठाऊक होते. ते त्याच्या सावल्या शोधत होते. ‘लॉस्ट’च्या प्रेक्षकांजवळ उत्तर नव्हते. साहजिकच त्यांच्या हातात प्रत्येक प्रतीक हे कूट झाले.

याचा उत्तम दाखला म्हणजे मालिकेतील गाजलेले आकडे : ४, ८, १५, १६, २३, ४२. त्यांची बेरीज १०८. दुसऱ्या पर्वात, २००५ च्या शरदात, बेटाखालच्या तळघरात हेच आकडे दर १०८ मिनिटांनी संगणकात भरून कळ दाबावी लागते. हे तळघर बांधणाऱ्या संस्थेचे नाव ‘धर्मा’, तिचे बोधचिन्ह अष्टकोनी आणि तिच्या माहितीपटाच्या अखेरीस ‘नमस्ते’. जपमाळेच्या १०८ मण्यांचा शोध प्रेक्षकांना चटकन लागला आणि बेट म्हणजे जन्ममरणाचा फेरा, असे निष्कर्षही निघाले.

जपमाळ हे आमच्या घरातले प्रतीक असल्याने येथे एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. माळ ओढणारा एकशे आठचे उत्तर शोधीत नाही. तो मणी मागे सारतो. त्या आकड्याचा अर्थ त्याच्या पुनरावृत्तीत आहे, उकलीत नाही. आणि मालिकेला हे उमगले होते. डेस्मंड हा माणूस तीन वर्षे ती कळ दाबीत राहिला. न दाबल्यास काय होईल, हे त्याला निश्चित माहीत नव्हते. जॅकला तो वेडेपणा वाटतो, लॉकला ती श्रद्धा वाटते. पुढे लॉकचीच श्रद्धा ढळते. मे २००६ च्या भागात तो कळ दाबू देत नाही, आणि ती खरोखरच आवश्यक होती, हे त्याला फार उशिरा कळते. मालिकेतील सर्वांत धार्मिक गोष्ट आमच्या मते ही आहे : फळ न दिसता पाळलेले नित्यकर्म. आकड्याच्या नादात या आचाराकडे दुर्लक्ष झाले.

अर्थात दोष एकट्या प्रेक्षकांचा नाही. ‘धर्मा’ हा शब्द मालिकेत खाद्यपदार्थांच्या डब्यांवरचा छाप होऊन बसतो. अखेरच्या भागात पात्रे मृत्यूनंतर ज्या चर्चमध्ये एकत्र येतात, तिथल्या रंगीत काचेच्या खिडकीत क्रूस, ओम, चंद्रकोर, डेव्हिडचा तारा, धर्मचक्र आणि यिन-यांग अशी सहा चिन्हे शेजारीशेजारी बसविली आहेत. आचारापासून सुटलेली चिन्हे अशीच एका मापाची होतात. त्याच भागात ‘ख्रिश्चन शेपर्ड’ हे नाव ऐकून केट हसते. लेखकांनी स्वतःच्या कोड्याला दिलेली ती दाद असावी.

तो भाग संपल्यावर वाहिनीने श्रेयनामावलीमागे निर्मनुष्य किनाऱ्यावरील विमानाच्या अवशेषांची दृश्ये दाखविली. हेतू इतकाच, की प्रेक्षकांना सावरण्यास क्षणभर अवकाश मिळावा. परंतु कोणीच वाचले नव्हते, याचा हा पुरावा असे अनेकांनी मानले, आणि वाहिनीला खुलासा करावा लागला. बेटावर जे घडले ते खरेच घडले, असे त्याच भागात ख्रिश्चन आपल्या मुलाला सांगतो. ते शब्द मात्र कित्येकांच्या कानांवरून गेले. सहा वर्षे खुणा वेचण्याची सवय लागलेल्या डोळ्यांना रिकामा किनाराही बोलका वाटला, आणि उघड सांगितलेली गोष्ट ऐकू आली नाही.