निदानबदल : बायपोलर आणि स्किझोफ्रेनिया

एकाच रुग्णाच्या केसपेपरवर काही वर्षांनी आजाराचे नाव बदलते. बायपोलरचे स्किझोफ्रेनिया किंवा उलट, असा बदल मनोविकारांत अनेकांच्या वाट्याला येतो. या आजारांचे निदान रक्ततपासणीने किंवा स्कॅनने पक्के होत नाही. लक्षणे वर्षानुवर्षे कशी येतात-जातात हे पाहूनच ते ठरते. बायपोलरमधल्या तीव्र उन्मादातही आवाज ऐकू येतात, संशय बळावतो. त्यामुळे पहिल्याच झटक्यात दाखल झालेल्या तरुणाचा आजार नेमका कोणता, हे सांगणे अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जाते.

मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये या दोन आजारांत रेघ ओढली. ती सगळ्याच रुग्णांना लागू पडत नाही, हे १९२० मध्ये त्यांनीच मान्य केले. मधल्या रुग्णांसाठी जेकब कसानिन यांनी १९३३ मध्ये ‘स्किझोअफेक्टिव्ह’ हे नाव आणले.

निदान डॉक्टरांच्या शिक्षणावरही अवलंबून असते, हे अमेरिका-ब्रिटन निदान प्रकल्पातून ठळकपणे दिसले. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क आणि लंडन येथील रुग्णालयांत दाखल झालेल्यांच्या मुलाखती एकाच पद्धतीने घेतल्या गेल्या. न्यूयॉर्कच्या नोंदींत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण कितीतरी जास्त होते. समान निकष लावताच हा फरक बराचसा मावळला. लंडनमध्ये ज्यांचा आजार उन्माद-अवसाद, म्हणजे आजचा बायपोलर, ठरला असता, अशा अनेकांवर न्यूयॉर्कमध्ये स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसला होता. हा शिक्का महागात पडणारा होता, कारण उन्मादावर गुणकारी ठरलेले लिथियम अशा रुग्णांपर्यंत पोचणे कठीण होई. अमेरिकेत स्किझोफ्रेनियाची व्याख्या आवळली गेली ती १९८० च्या डीएसएम-३ या निदान-पुस्तिकेमध्ये.

नाव बदलले की घर हादरते. इतकी वर्षे चुकीच्या गोळ्या खाल्ल्या का, हा पहिला प्रश्न असतो. अनेकदा तसे नसते: ओलान्झापिन, क्वेटियापिन ही औषधे दोन्ही आजारांत दिली जातात. लिथियम मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नये. उन्माद उलटण्याचा धोका असतो.

मन स्थिर असतानाही भास टिकतात का, यावर निदानाचा मोठा भाग ठरतो आणि ते घरच्यांनाच जवळून दिसते. म्हणून झोप, भास, उत्साह, उदासी यांच्या तारखांची वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते. जुने केसपेपरही जपून ठेवावेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने भारतातील रुग्णाला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मागण्याचा हक्क दिला आहे. मानसिक आरोग्याबाबत फोनवर सल्ला हवा असल्यास सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे.