'स्काय' आणि लंडनचे सेशन वादक

१९७०च्या दशकात ब्रिटिश रॉक संगीत पाश्चात्त्य अभिजात संगीताकडे वारंवार वळले. 'इमर्सन, लेक अँड पामर' या त्रयीने मुसॉर्ग्स्कीच्या 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' या रचनेचा रॉक आविष्कार १९७१ मध्ये ध्वनिमुद्रिकेवर आणला. अशा प्रयोगांत बहुधा रॉक वादक अभिजात रचना आपल्या पद्धतीने वाजवीत. १९७८ मध्ये लंडनला जमलेला 'स्काय' हा गायक नसलेला पाच जणांचा वृंद मात्र दोन्ही परंपरांतील वादकांनी बरोबरीच्या नात्याने उभारला, आणि त्यामागे तेथील ध्वनिमुद्रण व्यवसायाची घडण होती.

या व्यवसायाचा कणा म्हणजे सेशन वादक, म्हणजे एकेका ध्वनिमुद्रणापुरते मानधनावर बोलावले जाणारे आणि समोर आलेली स्वरलिपी तत्काळ वाजवू शकणारे कलावंत. 'स्काय'मधील, ट्युबा आणि बास गिटार या दोन्हींत निष्णात असलेल्या हर्बी फ्लॉवर्स यांनी लू रीडच्या 'वॉक ऑन द वाइल्ड साइड'मधील बास वाजवला होता. तालवादक ट्रिस्टन फ्राय हे अभिजात वाद्यवृंदात टिंपनी, म्हणजे विशिष्ट स्वरात लावता येणारे नगारे, वाजवीत आणि बीटल्सच्या 'अ डे इन द लाइफ'मध्येही त्यांचे वादन आहे. फ्रान्सिस मंकमन हार्पसिकॉर्ड, म्हणजे तारा छेडून वाजणारे, पियानोच्या आधीचे कळफलक-वाद्य, शिकलेले असून 'कर्व्ह्ड एअर' या रॉक बँडचे संस्थापक सदस्य होते. ऑस्ट्रेलियन गिटारवादक केव्हिन पीक आणि स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हिया यांचे शिष्य, मेलबर्नला जन्मलेले अभिजात गिटारवादक जॉन विल्यम्स यांनी ही पंचकडी पूर्ण केली.

विल्यम्स यांच्या नायलॉनच्या तारांच्या गिटारचा मृदू नाद ड्रमच्या आघातात बुडू नये, ही या वृंदापुढील खरी अडचण होती. तिची सोडवणूक विद्युत ध्वनिवर्धनाने जितकी झाली, तितकीच प्रत्येक वाद्यासाठी स्वतंत्र अवकाश राखणाऱ्या काटेकोर संयोजनाने झाली. १९७९च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेची एक संपूर्ण बाजू मंकमन यांच्या 'व्हेअर ऑपोझिट्स मीट' या दीर्घ रचनेने व्यापली होती. १९८०चा 'स्काय २' हा दुहेरी संच ब्रिटनच्या विक्रीयादीत अग्रस्थानी पोहोचला, तर त्यातील 'टोकाटा' एकल ध्वनिमुद्रिकांच्या यादीत पाचव्या स्थानापर्यंत गेली. टोकाटा म्हणजे बोटांच्या चपळाईला वाव देणारी मुक्त घाटाची रचना. बाखच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ऑर्गनवरील मूळ कृतीत खर्जाचा भक्कम आधार आणि लयीची अखंड धाव असल्यामुळे बास व ड्रम तिथे उपरे वाटत नाहीत.

२४ फेब्रुवारी १९८१ रोजी ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या साहाय्यार्थ वेस्टमिन्स्टर ॲबीत या वृंदाची मैफल झाली. तोवर मंकमन यांच्या जागी स्टीव्ह ग्रे आले होते. १९८२च्या 'स्काय ४'मध्ये जुन्या अभिजात कृतींच्या संयोजनांचे पारडे जड झाले, १९८४ मध्ये विल्यम्स बाहेर पडले आणि १९९०च्या दशकात वृंदाचे कार्य थांबले.

'स्काय'चे श्रेष्ठत्व लोकप्रिय 'टोकाटा'पेक्षा या पाच जणांच्या हातांसाठीच लिहिलेल्या स्वतंत्र रचनांत अधिक दिसते, कारण तिथे कोणतीही परंपरा दुसरीची पाहुणी राहत नाही. संगीतातील संकराचे श्रेय सहसा एखाद्या प्रतिभावंताच्या धाडसाला दिले जाते. या वृंदाचा इतिहास ते श्रेय स्टुडिओत रोज दोन्ही प्रकारची स्वरलिपी वाजवणाऱ्या, मुखपृष्ठावर क्वचितच नाव झळकलेल्या वादकवर्गालाही देणे भाग पाडतो.